छापलेल्या सगळ्या प्रती आगीत गेल्या, उरली एकच. त्या एका प्रतीवरून राजवाड्यांनी पुन्हा सुरुवात केली

एखाद्या इमारतीला आग लागते. दुसऱ्या दिवशी बातमी येते, जीवितहानी नाही, लाखोंचं नुकसान. पंचनाम्यात फ्रीज येतो, कपाट येतं, दागिने येतात. या सगळ्याला बिल असतं, निदान बाजारभाव तरी असतो.

पण त्याच घरात कुणी चाळीस वर्षं जमवलेली जुनी नाणी असतील, पणजोबांच्या काळातले मोडी कागद असतील, तांब्या-पितळेच्या जुन्या वस्तू असतील, तर त्यांची नोंद काय करायची? विकत आणून भरून निघेल असं ते नुकसान नसतं. ती वस्तू जगात एकच होती आणि आता ती नाही, एवढंच उरतं.

महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाला या धक्क्याची चव चाखावी लागली. त्याने अंगावर कर्ज घेतलं, पुन्हा कामाला लागला आणि पुढची जवळपास तीस वर्षं एकच ध्यास घेतला. महाराष्ट्राच्या वाड्यांत, गढ्यांत आणि माळ्यांवर जे जुनं पडलंय, ते नष्ट व्हायच्या आत छापून काढायचं.

त्या माणसाचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. आपण त्यांना इतिहासाचार्य म्हणून ओळखतो. पण नावापलीकडे बऱ्याच जणांना त्यांच्याबद्दल फारसं माहीत नसतं. म्हणून ही गोष्ट नीट पहिल्यापासून.

कोकणातलं घराणं, पुण्यातलं शिक्षण

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा. घराणं कोकणातल्या, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसईचं. वडील ते अगदी लहान असतानाच गेले. नातेवाइकांच्या आधाराने मुलं वाढली. मोठे भाऊ वैजनाथ काशिनाथ राजवाडे हेही पुढे मोठे विद्वान झाले, निरुक्तावरच्या त्यांच्या कामाचं नाव संस्कृतच्या अभ्यासकांत आजही घेतलं जातं.

विश्वनाथ १८८२ मध्ये मॅट्रिक झाले, पण बी.ए. व्हायला १८९० उजाडलं. पैशांची ओढाताण होतीच, शिवाय परीक्षेच्या पुस्तकांत हा मुलगा रमणारा नव्हता. डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी अभ्यासक्रम बाजूला ठेवून हाताला लागेल ते वाचलं. इतिहास, तत्त्वज्ञान, व्याकरण, वनस्पतीशास्त्र, काही सोडलं नाही.

पदवीनंतर काही काळ शिक्षकी केली, पण तिथे मन रमलं नाही. लग्न झालं होतं, मात्र पत्नीचं लवकर निधन झालं. राजवाड्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. पुढचं सगळं आयुष्य एकट्याने काढलं. संसार म्हणजे स्वयंपाकाची चार भांडी, घोंगडी आणि कागदांची बोचकी.

१८९०च्या दशकात त्यांनी ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं. जगातली चांगली पुस्तकं मराठीत आणायची हा त्यामागचा हेतू. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चं भाषांतर त्यांनी स्वतः केलं. मासिक काही वर्षं चाललं आणि बंद पडलं. पण एक गोष्ट तेव्हाच पक्की झाली होती. आपण जे लिहायचं ते मराठीत. पुढे आयुष्यभर त्यांनी आपलं संशोधन मराठीतच लिहिलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर देशाबाहेर नाव झालं असतं, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती.

वाईत सापडलेला खजिना

तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाचं मुख्य पुस्तक कुठलं, तर ग्रँट डफचं. साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या या अधिकाऱ्याने लिहिलेला तीन खंडांचा इतिहास १८२६ मध्ये आला होता. शाळा-कॉलेजात तोच आधार. त्याच्या चुका दाखवायला सुरुवात आधीच झाली होती. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी कॉलेजात असतानाच डफवर टीका लिहिली होती. काशिनाथ नारायण साने यांच्या ‘काव्येतिहाससंग्रहा’तून जुन्या बखरी छापून येत होत्या. वासुदेवशास्त्री खरे मिरजेत बसून पटवर्धनांची दप्तरं वाचत होते.

राजवाड्यांचं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं होतं. बखर ही बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावर, कधी कधी पन्नास-शंभर वर्षांनी लिहिलेली असते. तिच्यात ऐकीव गोष्टी असतात, मालकाचं कौतुक असतं. त्यापेक्षा घटनेच्या दिवशी लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी जास्त मोलाची. म्हणून बखरीला प्रमाण मानायच्या आधी अस्सल पत्रं शोधा, असा त्यांचा आग्रह.

आणि तशी पत्रं त्यांना सापडली. वाईत, एका जुन्या घराण्याच्या संग्रहात. काळ १७५० ते १७६१. म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा काळ आणि शेवटी पानिपत.

या पत्रांत काय होतं हे समजून घेतलं की राजवाडे एवढे का झपाटले ते कळतं. सदाशिवरावभाऊ उत्तरेत आहेत आणि गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रांमागून पत्रं पाठवतायत. पैसा पाठवा. धान्य पाठवा. यमुनेवर नावा जमवा. अब्दालीची रसद तोडा. तोपर्यंत पानिपत म्हणजे १४ जानेवारी १७६१ ची एका दिवसाची लढाई, अशीच बहुतेकांची समजूत होती. पत्रं वाचल्यावर दिसतं की त्या दिवसाआधीचे कित्येक महिने पैसा, दाणागोटा आणि नद्यांचं पाणी यांच्याशी झगडण्यात गेले होते. मोहीम कशी अडकत गेली ते तारीखवार समजतं.

हे सगळं मोडीत होतं. राजवाड्यांनी ती पत्रं वाचली, बाळबोधीत उतरवली, तारखा लावल्या, लांबलचक प्रस्तावना लिहिली आणि छापायला दिली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा हा पहिला खंड. त्याचं साल १८९८.

आणि छापखान्याला आग लागली

खंड छापून झाला. हाती होता तो पैसा त्यात गेला. प्रती छापखान्यात होत्या. आणि त्या छापखान्याला आग लागली.

त्या काळातला छापखाना डोळ्यांसमोर आणा. कागदाच्या रिमांचे ढीग. खिळे ठेवायच्या लाकडी केसेस. तेलकट शाई. उजेडासाठी रॉकेलचे दिवे. एक ठिणगी पुरे.

छापलेल्या प्रती जळाल्या. त्यातून एक प्रत वाचली.

आज आपण लॅपटॉप बिघडला तरी क्लाउडवरून फाइल परत मिळवतो. राजवाड्यांच्या हातात ती एक छापील प्रत होती आणि खिसा रिकामा होता. त्यांना थांबता आलं असतं. नोकरी धरता आली असती. बी.ए. झालेल्या माणसाला तेव्हा सरकारी नोकरीत मानाची जागा मिळायची.

त्यांनी कर्ज काढलं आणि तो खंड पुन्हा छापला.

या गोष्टीत एक मुद्दा दडलाय, तो लक्षात घ्या. खंड परत उभा राहिला त्याचं कारण कर्ज मिळालं एवढंच नव्हतं. मजकूर एका जागी अडकून पडलेला नव्हता, हे खरं कारण. शंभर प्रती एकाच खोलीत ठेवल्या तर आगीच्या हिशेबाने ती एकच प्रत असते. एक प्रत दुसरीकडे असली, की आग हरली.

आगीचा जुना हिशेब

राजवाड्यांवर आलेलं संकट काही एकट्याचं नव्हतं. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं आगीत जाण्याची परंपराच होती.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या. गडावरच्या इमारती पेटल्या. जिथे १६७४ मध्ये शिवरायांचा राज्याभिषेक झाला, त्या राजधानीतल्या घरावाड्यांत जे होतं, ते राख झालं.

त्यानंतर दहा वर्षांनी, फेब्रुवारी १८२८ मध्ये, पुण्याचा शनिवारवाडा पेटला. ही आग कित्येक दिवस धुमसत होती. आज आपण दिल्ली दरवाजातून आत शिरतो तेव्हा समोर फक्त जोती दिसतात, त्याचं कारण ही आग. लाकडी दिवाणखाने, नक्षीचे खांब, रंगवलेली छतं, सगळं गेलं.

मग १८७९ चा मे महिना. पुण्यातला बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा एकाच रात्री पेटवण्यात आले. बुधवारवाड्यात पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी होती. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने १८४८ मध्ये सुरू झालेली. तीच पुढे पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली गेली. तीस वर्षं जमवलेली ग्रंथसंपदा त्या रात्री जळाली. ते दिवस वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे असल्यामुळे सरकारचा संशय भलतीकडे गेला, आणि न्यायमूर्ती रानड्यांची बदली थेट धुळ्याला झाली.

म्हणजे राजवाडे कामाला लागले तेव्हा राजधानीतले मोठे साठे बरेचसे गेलेले होते. सरकारच्या ताब्यातलं पेशवे दप्तर पुण्यातच होतं, पण ते भारतीय अभ्यासकांसाठी मोकळं नव्हतं. ते खऱ्या अर्थाने उघडलं १९३०च्या दशकात, गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली. तेव्हा त्यातल्या निवडक कागदांचे ४५ भाग निघाले. राजवाडे ते बघायला नव्हते.

मग उरलं काय? उरले गावोगावचे वाडे.

प्रत्येक गढीत एक दप्तर

पुणे-सोलापूर हायवेने जाताना इंदापूर मागे पडलं, भीमा ओलांडली की टेंभुर्णी येतं. आज ते ऊस, बाजार आणि पंढरपूरकडे वळणाऱ्या गाड्यांमुळे ओळखीचं. पण तिथली गढी सदाशिव माणकेश्वरांच्या नावाशी जोडलेली आहे. हे माणकेश्वर म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी.

महाराष्ट्रात अशा गढ्या आणि वाडे शेकड्याने होते. देशमुखांचे, देशपांड्यांचे, कुलकर्ण्यांचे, सरदारांचे. ज्या घराने कारभार केला त्या घरात दप्तर असायचंच. वतनाची सनद, गावाचा जमाखर्च, निवाड्याचे महजर, लढाईवरून आलेली पत्रं. कागद कापडात बांधून ठेवायचे, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. असे रुमाल पेटाऱ्यात, पेटारा माळ्यावर, आणि माळा कवलांखाली.

राजवाड्यांनी हे पेटारे उघडायला सुरुवात केली. पाठीवर बोचकं, हातात भांडी, बराचसा प्रवास पायी. स्वयंपाक स्वतः करायचा. गावात पोचायचं, जुनी घराणी कोणती ते विचारायचं आणि दार ठोठवायचं.

दार सहज उघडायचं का? मुळीच नाही. आणि त्याला कारण होतं. इंग्रजांनी १८५२ मध्ये इनाम कमिशनला कायद्याचं बळ दिलं, आणि घराण्यांना आपली इनामं सिद्ध करायला लावली. ज्यांना कागद दाखवता आले नाहीत किंवा ज्यांचे कागद मान्य झाले नाहीत, त्यांची इनामं गेली. तेव्हापासून कागद बघायला आलेला अनोळखी माणूस म्हणजे संकट, हे लोकांच्या डोक्यात बसलेलं. शिवाय भाऊबंदकीचे दावे कोर्टात चालू असायचे. कागद बाहेर पडला आणि दुसऱ्या भावाच्या हाती लागला तर?

त्यामुळे लोक कागद लपवायचे. आणि लपवलेला कागद वाचला असंही व्हायचं नाही. पावसाचं पाणी गळायचं. वाळवी लागायची. उंदीर कुरतडायचे. मोडी वाचता येणारी पिढी संपली की नव्या पिढीला ती रद्दी वाटायची. मग कागद वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जायचे, किंवा भिजवून त्यांचा लगदा व्हायचा.

राजवाडे या सगळ्याशी शर्यत लावून धावत होते. जिथे कागद मिळाले तिथे मिळवले, जिथे मालकाने दिले नाहीत तिथे बसून नकला केल्या. कोल्हापूरच्या विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकाने त्यांचे काही खंड छापायला हात दिला. एक एक करत ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड झाले.

पहिला जळाला होता, तरी २२.

कागद जळतो, आणि नाणंही वितळतं

इथे थोडं थांबून एक गैरसमज दूर करू. कागद आगीत जातो हे कळतं, पण नाणी तर धातूची, त्यांना काय होणार, असं बऱ्याच जणांना वाटतं.

कागद साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेतो. बंद खोलीत आग भडकली की छतापाशी तापमान ६०० अंशांच्या वर जातं. आता धातू बघा. चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ ला आणि तांबं १०८५ ला. त्यामुळे शिवकाळातली तांब्याची शिवराई कदाचित आकाराने टिकेल. पण तिच्यावर काळा थर चढतो, शेजारच्या नाण्याला ती चिकटते आणि आधीच झिजलेली अक्षरं जातात. त्या छोट्या चकतीवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, एवढाच मजकूर. तोच गेला तर हातात उरतो फक्त तांब्याचा तुकडा.

शिशाचं तर विचारूच नका. ते ३२७ अंशांनाच वितळतं. आणि महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या राजवटींपैकी एक असलेल्या सातवाहनांची बरीच नाणी शिशाचीच आहेत. सोलापूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे सातवाहनांच्या काळातलं मोठं व्यापारी गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातल्या जुन्या वस्तू गोळा केल्या आणि त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आज तेरमध्ये उभं आहे. दोन हजार वर्षं मातीत सुखरूप राहिलेलं शिशाचं नाणं साध्या घरातल्या आगीत काही मिनिटांत वितळू शकतं. घरातल्या डब्यातून संग्रहालयात पोचणं किती महत्त्वाचं, ते यावरून कळावं.

राजवाड्यांचं मुख्य काम कागदांचं. पण नाणं, ताम्रपट, शिलालेख, गावाचं नाव, आडनाव, बोलीतला एखादा शब्द, हे सगळं त्यांच्या लेखी पुरावाच होतं. बीड जिल्ह्यातल्या पाटांगणला मिळालेल्या ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली, आणि तिच्या आधारे जुन्या मराठीचं व्याकरण मांडलं.

एकट्याच्या घरातून मंडळाच्या कपाटात

इतकं फिरल्यावर राजवाड्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. एकट्या माणसाचा संग्रह त्याच्याबरोबरच धोक्यात असतो. माणूस आजारी पडला, घर बदललं, वारसांना रस नसला, की संपलं.

म्हणून ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. बरोबर होते सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे. सुरुवात अप्पा बळवंत चौकातल्या मेहेंदळ्यांच्या वाड्यातून. पुढे मंडळाला सदाशिव पेठेत स्वतःची वास्तू मिळाली. आज तिथे मोडी आणि फारसी कागद, पोथ्या, नाणी, चित्रं, ताम्रपट असा मोठा संग्रह आहे. दत्तो वामन पोतदार, गणेश हरी खरे अशा अभ्यासकांनी तो वाढवला आणि सांभाळला.

मंडळाने आणखी एक सवय लावली. जे सापडेल ते बैठकीत वाचायचं आणि छापायचं. म्हणजे मूळ कागदाचं काही झालं तरी मजकूर शंभर घरांत पोचलेला असेल. छापखान्यातल्या त्या एका प्रतीने दिलेला धडाच संस्थेची रीत झाला, असं म्हणायला हरकत नाही.

माणूस सरळ, पण वाकडा

राजवाड्यांना देवमाणूस करून ठेवण्यात अर्थ नाही. स्वभाव तापट. मतं टोकाची. समोरचा कितीही मोठा असो, चुकला वाटला की झोडपायचे. मित्रांशीही त्यांचे खटके उडत.

समर्थ रामदासांबद्दल त्यांना मोठा आदर होता, पण इतर संतांनी समाजाला निष्क्रिय केलं असं त्यांचं मत. वारकरी परंपरा मानणाऱ्यांना ते पटणं शक्य नव्हतं. जातींबद्दलच्या त्यांच्या लिखाणावर तर रण पेटलं. कायस्थ प्रभूंविषयी राजवाड्यांनी जे लिहिलं, त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ या पुस्तकातून सडेतोड उत्तर दिलं. राजवाड्यांचा इतिहास ब्राह्मणांच्या बाजूने झुकतो हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो.

दुसरीकडे त्याच राजवाड्यांनी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिताना प्राचीन ग्रंथांतले असे पुरावे पुढे मांडले, की सनातनी मंडळी हादरली. म्हणजे आपल्या बाजूच्या लोकांना आवडेल तेच लिहायचं, हेही त्यांना जमलं नाही.

त्यांचे निष्कर्ष आज सगळे मान्य नाहीत. काही व्युत्पत्त्या तर अभ्यासक हसून बाजूला ठेवतात. पण एक गंमत बघा. राजवाड्यांचं मत खोडून काढायचं असेल तरी बऱ्याचदा त्यांनीच छापलेला कागद पुरावा म्हणून लागतो. मतं जुनी झाली, साधनं टिकली.

शेवटचा मुक्काम धुळे

आयुष्याच्या शेवटच्या काळात राजवाडे धुळ्याला होते. शहर तसं आडबाजूचं, पण तिथे जुन्या कागदांचं वेड असलेले लोक होते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेमार्फत समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जमवली होती, आणि त्यातून समर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं. भास्कर वामन भट यांच्यासारखे सहकारी तिथे होते.

याच काळात राजवाड्यांनी शहाजीराजांवर जयराम पिंड्ये याने लिहिलेल्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्याची आवृत्ती काढली. ‘महिकावतीची बखर’ संपादित केली. मराठी धातूंचा आणि शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश ही कामंही चालू होती.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचं निधन झालं. वय ६३. मागे संसार नव्हता, मालमत्ता नव्हती. होती ती कागदांची गाठोडी, टिपणं आणि अर्धवट कोश.

आता जे संग्राहकांच्या बाबतीत नेहमी होतं तेच झालं असतं. गाठोडी कुठल्यातरी माळ्यावर गेली असती. पण धुळेकरांनी ती सांभाळली आणि त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. तिथे त्यांचे कागद आहेत, हस्तलिखितं आहेत, मूर्ती आणि नाणी आहेत. साने गुरुजींनी राजवाड्यांचं चरित्र लिहिलं. आणि १९९०च्या दशकात याच मंडळाने मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचं समग्र साहित्य १३ खंडांत पुन्हा छापलं, कारण तोवर जुने खंड दुर्मीळ झाले होते.

मग आज या गोष्टीचं काय करायचं?

२ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलच्या रिओ शहरातलं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. तिथे सुमारे दोन कोटी वस्तू होत्या, त्यातल्या बहुतेक गेल्या. त्यानंतर तिथल्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, की संग्रहालयात फिरताना तुम्ही काढलेले फोटो आम्हाला पाठवा. जगभरातून हजारो फोटो आले. वस्तू परत आल्या नाहीत, पण त्या कशा होत्या ते तरी कळलं.

आपल्या घरातही हे करता येतं, आणि त्याला राजवाड्यांसारखं गावोगाव चालावं लागत नाही.

जुन्या नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, वजन लिहा आणि ते घरात कुठून, कुणाकडून आलं ते नोंदवा. नाणं घासून चकचकीत करू नका, त्याने अक्षरं झिजतात. स्वस्त पीव्हीसी प्लास्टिकच्या अल्बममध्ये नाणी ठेवू नका, त्यातून सुटणाऱ्या रसायनाने धातूवर हिरवट चिकट थर येतो. मोडी कागदाला लॅमिनेशन करू नका, तो पुन्हा सुटत नाही. पानापानाचा फोटो काढा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. कागद आधीच जळका किंवा ओला असेल तर उलगडायची घाई करू नका, जाणकाराला दाखवा. वाचता येत नसेल तर पुण्याचं किंवा धुळ्याचं मंडळ, तुमच्या जवळचं पुराभिलेखागार किंवा विद्यापीठाचा इतिहास विभाग गाठा. आणि शेतात नांगरताना नाण्यांचा हंडा सापडला, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हेही ध्यानात असू द्या.

ज्यांचा संग्रह आगीत गेलाय त्यांना हे वाचून फारसा दिलासा मिळणार नाही, हे खरं आहे. गेलेली वस्तू गेलीच. पण त्यांच्या डोक्यात अजून बरंच काही शिल्लक असतं. कुठलं नाणं कसं होतं, त्यावर काय लिहिलं होतं, ते कुठल्या बाजारात, कुणाच्या घरी मिळालं. ते आजच वहीत उतरवून ठेवा. सुरुवात करायला राजवाड्यांच्या हातातही एकच प्रत उरली होती.